काम थांबले, उष्णता थांबली का?

भारतातील लघुउद्योगाचा फार मोठा भाग कारखान्याच्या छपराखाली नव्हे, तर राहत्या घराच्या एखाद्या खोलीत चालतो. शिंप्याच्या ओसरीवर इस्त्री तापत असते, मोबाइल दुरुस्त करणाऱ्याच्या पोटमाळ्यावर सोल्डरिंगची कांडी, तर बचत गटातील एखाद्या भगिनीच्या माजघरात मेणबत्त्यांचे मेण. फिरोजाबादेत काचेच्या बांगड्यांची टोके घरोघरी ज्योतीवर जोडली जातात; जयपुरात लाखेच्या बांगड्यांना निखाऱ्यांच्या धगीवर आकार दिला जातो. व्यवसाय निरनिराळे असले तरी या सर्वांचे एक हत्यार समान आहे, ते म्हणजे उष्णता.

कारखान्यात काम संपल्याचा भोंगा वाजतो. शेवटचा माणूस बाहेर पडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद होतो आणि पहारेकरी फेरी मारतो. घरातील कामाला असा शेवट नसतो. जेवणाची हाक येते, दारावर ग्राहक उभा राहतो, लहान मूल रडू लागते आणि हातातील काम मध्येच सुटते. माणूस उठतो, साधन मात्र तापतच राहते. शिवाय कारखाना रात्री रिकामा असतो, घर नसते. कापडाचे गठ्ठे, पुठ्ठ्याची खोकी आणि तापलेली इस्त्री यांच्यापासून एका पातळ भिंतीच्या आड कुटुंब झोपलेले असते. म्हणूनच चालू राहिलेल्या तापक साधनाचा प्रश्न हा केवळ विसराळूपणाचा प्रश्न मानून चालणार नाही. विसरणे हा मनुष्यस्वभाव आहे. ते गृहीत धरून कामाच्या जागेची रचना करणे हाच त्यावरील खरा उपाय होय.

संरक्षक साधने काय पाहतात?

घरात एमसीबी बसवला आहे, तेव्हा आगीची भीती नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे. १००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे ४.३ अँपिअर विद्युतप्रवाह घेते. शिंपी तिने कपड्यावर हात फिरवीत असो, अथवा ती टेबलावर विसरून तो बाजारात गेलेला असो, प्रवाह तेवढाच राहतो. एमसीबीचे काम तारेतून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहू लागल्यास अथवा शॉर्टसर्किट झाल्यास पुरवठा तोडणे हे आहे. विसरलेल्या इस्त्रीत यांपैकी काहीच घडत नाही. त्यामुळे तो स्वस्थ बसून राहतो.

आरसीसीबीचेही तसेच. फेज तारेतून गेलेला प्रवाह न्यूट्रल तारेतून पूर्णपणे परत येतो की नाही, हे तो पाहतो. प्रवाहाचा काही अंश माणसाच्या शरीरातून अथवा अन्य मार्गाने जमिनीत जात असेल, तर तो क्षणार्धात वीज तोडतो. घरगुती वापरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी विजेच्या धक्क्यापासून जीव वाचवतो, म्हणून तो असलाच पाहिजे. परंतु विसरलेल्या इस्त्रीतून गेलेला प्रवाह मुकाट्याने परत येत असतो. आरसीसीबीला तक्रार करण्यास जागाच नसते.

थोडक्यात, ही साधने तारेचे आणि माणसाचे रक्षण करतात. इस्त्रीखाली जळत असलेले कापड त्यांना दिसत नाही. त्या जळण्याने तारेचे आवरण वितळून शॉर्टसर्किट होईल तेव्हा एमसीबी खाली पडेल खरा. पण तोवर आग लागून चुकलेली असेल.

अंशांचा हिशेब

कोणते साधन किती तापते आणि जवळची वस्तू किती उष्णता सहन करते, याची ढोबळ कल्पना प्रत्येक कारागिरास असावी. सुती कपड्यांसाठीच्या तीन ठिपक्यांच्या खुणेवर इस्त्रीचा तळ साधारणपणे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. टी-शर्टवर चित्र उमटवणारे हीट प्रेसचे यंत्र बहुधा १८० ते २०० अंशांवर चालते. सोल्डरिंगच्या कांडीचे टोक ३०० ते ४०० अंशांवर असते, तर गरम हवेचा झोत सोडणारी हीट गन ५०० अंशांच्याही पुढे जाऊ शकते.

आता दुसरी बाजू पाहू. कागद सुमारे २३० अंशांना ज्योतीविनाही पेट घेऊ शकतो. पॉलिएस्टर २५० अंशांच्या थोडे पुढे वितळते. सुती कापड एकदम पेटण्यास याहून बरीच अधिक उष्णता लागते. परंतु २०० अंशांच्या आसपास दीर्घकाळ राहिले, तर ते प्रथम तपकिरी पडते आणि मग कोळसू लागते. लाकडाचेही तसेच आहे. तासन्‌तास तापत राहिलेली फळी कोळशासारखी होत जाते आणि अशी फळी ताज्या लाकडापेक्षा कमी उष्णतेतही पेटू शकते. यावरून ध्यानात येईल की धोका अंशांवर जितका अवलंबून आहे, तितकाच तो वेळेवरही अवलंबून आहे. पाच मिनिटांत डागही न पाडणारी इस्त्री पाच तासांत टेबल जाळू शकते.

कापूस, फोम आणि लाकडाचा भुसा यांची आणखी एक खोड आहे. ते ज्वाळेविना आतल्या आत धुमसत राहतात. सायंकाळी पडलेल्या ठिणगीची ज्वाळा मध्यरात्री वर येते. त्यापूर्वीच खोलीत कार्बन मोनॉक्साइड हा रंग व गंध नसलेला विषारी वायू साचू लागतो. झोपलेल्या माणसाला तो जागे करीत नाही, उलट अधिक गाढ गुंगीत नेतो. आगीतील अनेक बळी ज्वाळांचे नसून धुराचे असतात, ते याचमुळे.

मेणाचा हिशेब निराळा आहे. मेणबत्त्यांचे पॅराफिन मेण ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान वितळते. पण २०० अंशांच्या आसपास तापले की त्याच्या वाफा पेट घेऊ शकतात. म्हणून मेणाचे भांडे थेट शेगडीवर न ठेवता पाण्याच्या भांड्यात ठेवावे. पाणी १०० अंशांना उकळते आणि जोवर ते आहे, तोवर मेण त्यापुढे तापू शकत नाही. हे पाणी म्हणजे मेणावरील पहारेकरीच. मात्र ते आटले की पहाराही उठला, हे विसरू नये.

कापड रंगवणाऱ्यांच्या घरी पाणी तापवण्याची रॉड असते. १५०० वॉटची रॉड बादलीतील २० लिटर पाणी साधारण सव्वा तासात उकळीला आणते. त्यानंतर ती तासाला दोन ते अडीच लिटर पाणी वाफेत घालवू शकते. रात्री विसरलेल्या बादलीतील पाणी पहाटेपर्यंत इतके उतरते की रॉडचा तापलेला भाग उघडा पडतो आणि बादली प्लास्टिकची असेल, तर ती वितळून पेटण्याची वेळ येते.

गेलेली वीज परत येते तेव्हा

आपल्या देशातील परिस्थितीत या धोक्याचे एक विशेष रूप आहे. दुपारी तीन वाजता इस्त्री सुरू असताना वीज जाते. खोलीतील पंखा थांबतो, दिवा विझतो. अर्धा तास वाट पाहून शिंपी अर्धवट कपडे तसेच ठेवतो, दार ओढून घेतो आणि अन्य कामाला निघून जातो. इस्त्री तेव्हा थंड असते, तिचा दिवाही विझलेला असतो. स्विच चालू राहिल्याची कोणतीच खूण डोळ्यांना दिसत नाही. रात्री नऊ वाजता वीज येते. बंद खोलीत, कपड्यांच्या ढिगाशेजारी, इस्त्री पुन्हा तापू लागते.

येथे माणसाच्या सावधपणाचा काही उपयोग झाला नाही, कारण त्याला सावध करणारी प्रत्येक खूण विजेबरोबरच नाहीशी झाली होती. म्हणून वीज गेली की सर्वप्रथम प्रत्येक तापक साधनाचा पिन सॉकेटमधून बाहेर काढावा. नुसता स्विच बंद करण्यापेक्षा हे अधिक खात्रीचे आहे. अंधारात स्विच वर आहे की खाली, हा संभ्रम होऊ शकतो. हातात आलेल्या पिनेबाबत तो होत नाही.

ज्यांनी शेतातील पंपाचा स्टार्टर पाहिला आहे, त्यांना यावरील यांत्रिक उपाय सहज समजेल. हिरवे बटण दाबल्यावर पंप सुरू होतो; वीज गेली की स्टार्टरची पकड सुटते आणि वीज आल्यावर कोणीतरी पुन्हा बटण दाबीपर्यंत पंप बंदच राहतो. याच तत्त्वावर चालणारा कॉन्टॅक्टर हिरव्या व लाल बटणांसह घरातील कामाच्या खोलीत बसवता येतो. तापक साधनांचे सर्व सॉकेट त्याच्यामार्फत जोडले, की परत आलेली वीज त्यांच्यापर्यंत आपोआप पोचत नाही. पंपाला मध्यरात्री पाण्याची पाळी चुकू नये म्हणून शेतकरी ‘ऑटो’ जोडतात. इस्त्रीला मात्र अशा ऑटोची गरज नाही. हे काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

अलीकडे मोबाइलवरून बंद करता येणारे स्मार्ट प्लगही मिळतात. ते घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. साधनाला लागणारा प्रवाह वाहून नेण्याची त्यांची क्षमता असावी. आणि वीज परत आल्यावर प्लग बंद स्थितीतच राहील, अशी त्यात सोय असून ती निवडलेली असावी. अन्यथा महागड्या प्लगमागेही जुनाच धोका उभा राहतो.

थर्मोस्टॅटवर किती विसंबावे?

इस्त्रीतील थर्मोस्टॅटमध्ये निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची जोडपट्टी असते. तापली की ती वाकते व वीज तोडते. निवली की सरळ होऊन पुन्हा जोडते. इस्त्रीचा दिवा अधूनमधून लागतो व विझतो, तो यामुळेच. ही योजना उत्तम आहे. परंतु ती योग्य उष्णता राखण्यासाठी आहे, साधन कायमचे बंद करण्यासाठी नव्हे. शिवाय दर खेपेस वीज जोडताना व तोडताना सूक्ष्म ठिणगी पडते आणि वर्षानुवर्षांच्या वापरानंतर हे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटू शकतात. मग जोडपट्टी वाकूनही वीज तुटत नाही आणि उष्णता वाढतच जाते. दिवा एकदाही न विझता सतत जळत राहणे, कपडे नेहमीच्या खुणेवरही करपू लागणे, ही या बिघाडाची लक्षणे आहेत. ती दिसताच साधन बाजूला ठेवावे.

चांगल्या प्रतीच्या साधनांत याखेरीज एक थर्मल फ्यूज असतो. उष्णता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तो वितळून साधन कायमचे बंद पाडतो. दुरुस्तीच्या वेळी तो काढून तेथे साधी तार जोडण्याची वाईट प्रथा काही ठिकाणी आढळते. अशी इस्त्री चालू होते, पण तिचा अखेरचा रक्षक गेलेला असतो. खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहणे आणि दुरुस्तीत मूळ भागच बसवून घेणे, यांचे महत्त्व येथे कळते.

खोलीची रचना कशी असावी?

पहिली गोष्ट म्हणजे दाराजवळचा एक स्विच. सर्व तापक साधनांचे सॉकेट एका स्वतंत्र सर्किटवर घेऊन त्यासाठी दाराच्या चौकटीशेजारी फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा तोडणारा डीपी स्विच बसवावा. दिवे, पंखा व घरातील फ्रिज या सर्किटवर नसावेत. हा तपशील किरकोळ वाटेल. पण जो स्विच बंद केल्याने खोलीत अंधार होतो किंवा दूध नासते, तो कोणीही बंद करीत नाही. स्विचवर ठळक लाल दिवा असावा आणि तो शक्यतो घरातील मंडळींच्या येण्याजाण्याच्या वाटेवरून दिसावा. म्हणजे कारागीर विसरला तरी घरातील अन्य कोणाच्या ते दृष्टीस पडेल.

दुसरी गोष्ट म्हणजे तापलेल्या साधनाची ठरलेली जागा. इस्त्री उभी ठेवावी अथवा धातूच्या बैठकीवर. सोल्डरिंगची कांडी तारेच्या वेटोळ्याच्या स्टँडमध्येच. टेबलाचा तेवढा भाग शहाबादी फरशी, कडाप्पा अथवा सिमेंटच्या पत्र्याचा असावा. धातूचा पत्रा थेट लाकडावर ठोकल्याने भागत नाही. पत्रा उष्णता खालच्या लाकडापर्यंत पोचवतो. त्याखाली हवा खेळेल इतकी जागा सोडावी. या जागेभोवती हातभर अंतरात कापड, कागद, थिनर, स्पिरिट अथवा रबर सोल्यूशन ठेवू नये. थिनरच्या वाफा हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जातात आणि दूरच्या शेगडीपर्यंतही पोचू शकतात.

तिसरी गोष्ट म्हणजे जोडणी. १००० वॉटहून मोठ्या साधनांसाठी १६ अँपिअरचा सॉकेट आणि त्याला साजेशी जाड तार असावी. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर इस्त्री, हीट गन आणि ग्लू गन एकदम लावू नये. सैल पिनेच्या ठिकाणी विरोध वाढतो आणि तेथेच उष्णता निर्माण होते. सॉकेटचा पिवळा अथवा काळा पडलेला रंग, जळका वास, हाताला गरम लागणारा पिन या पूर्वसूचनाच होत.

चौथी गोष्ट म्हणजे वेळ. घड्याळी टायरमध्ये जशी हवा भरून ठेवतो तसा वेळही भरून ठेवता येतो, असे गमतीने म्हणता येईल. चावी देऊन लावण्याचा साधा टायमर एक तासानंतर वीज तोडतो. काम चालू असेल तर पुन्हा चावी द्यावी. विसरल्यास फार तर इस्त्री थंड होईल.

ज्यांचे काम ज्योतीवर अथवा निखाऱ्यावर चालते, त्यांच्यासाठी तत्त्व तेच, कृती निराळी. गॅसच्या बर्नरचा कान बंद करून थांबू नये. सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद करावा. निखारे आणि कोळशाच्या इस्त्रीतील राख थंड वाटली, तरी तिच्या पोटात तासन्‌तास धग असते. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढून डबा घराबाहेर ठेवावा. कागदाच्या वा प्लास्टिकच्या कचरापेटीत कदापि टाकू नये.

आग लागलीच तर

सर्वप्रथम घरातील माणसे बाहेर काढावीत आणि १०१ अथवा ११२ या क्रमांकावर कळवावे. आग अगदी लहान असेल आणि पाठीशी बाहेर पडण्याची वाट मोकळी असेल, तरच ती विझवण्याचा प्रयत्न करावा. विजेचा पुरवठा तोडल्याखेरीज पाणी मारू नये. पेटलेल्या मेणावर तर पाणी कधीच टाकू नये. मेणाच्या उष्णतेने पाण्याची तत्क्षणी वाफ होते, तिचे आकारमान शेकडो पटींनी वाढते आणि जळते मेण चहूकडे उडते. शेगडी बंद करून भांड्यावर धातूचे झाकण सरकवावे व ते पूर्ण निवेपर्यंत उचलू नये.

कामाच्या खोलीत एबीसी भुकटीचे, आयएसआय चिन्हाचे अग्निशामक नळकांडे असावे. ते यंत्राशेजारी न टांगता दाराजवळ टांगावे, म्हणजे ते घेण्यासाठी आगीकडे जावे लागणार नाही. त्यावरील दाबदर्शकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहावे. धूर ओळखून गजर करणारे बॅटरीवरील उपकरण झोपण्याच्या खोलीबाहेर बसवल्यास निद्रिस्त कुटुंबाला बहुमोल मिनिटे मिळतात. अनेक घरांत खिडक्यांना पक्के गज असतात आणि बाहेर जाण्याची एकमेव वाट कामाच्या खोलीतूनच जाते. अशा ठिकाणी त्या वाटेवर मालाची खोकी रचणे म्हणजे स्वतःच्या हाताने दार बंद करणे होय.

कर्ज, विमा आणि बँकेची भूमिका

२०१५ साली सुरू झालेली प्रधानमंत्री मुद्रा योजना आणि १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना यांमुळे घरगुती कारागिरांच्या हाती नवी साधने आली. विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सोनार, लोहार व शिंपी यांचा समावेश आहे. कर्जाच्या अंदाजपत्रकात यंत्राची किंमत अचूक मांडली जाते; स्वतंत्र सर्किट, डीपी स्विच, टायमर आणि अग्निशामक नळकांडे यांचा खर्च मात्र क्वचितच धरला जातो. यंत्राच्या किमतीच्या मानाने तो अल्प असतो. तो आरंभीच अंदाजपत्रकात मांडणे कर्जदाराच्या हिताचे आहे.

विम्याबाबतही एक गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी राहत्या घरासाठी व घरगुती सामानासाठी आहे. विक्रीसाठी ठेवलेला माल, शिवणयंत्रे अथवा हीट प्रेस यांसाठी व्यवसायाचा विमा निराळा घ्यावा लागतो. त्याच दिवसापासून उपलब्ध झालेली ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी एका ठिकाणच्या ५ कोटी रुपयांपर्यंतच्या व्यावसायिक मालमत्तेसाठी आहे. घरात व्यवसाय चालतो ही बाब विमा कंपनीला लेखी कळवावी, कारण ती दडवल्यास दाव्याच्या वेळी अडचण उभी राहते. जो माल व यंत्रे बँकेकडे तारण आहेत, त्यांचा विमा चालू ठेवणे ही सामान्यतः कर्जकराराची अटच असते. माल जळाला तरी कर्ज जळत नाही, हे कटू सत्य आहे.

शाखेतील कर्मचारी तपासणीसाठी कर्जदाराच्या घरी जातात तेव्हा मालाचा साठा आणि यंत्रांचे क्रमांक पाहतात. त्याच भेटीत तीन प्रश्न विचारता येतील: तापक साधनांचा स्विच दाराजवळ आहे का, वीज गेल्यावर काय केले जाते आणि रात्री शेवटची फेरी कोण मारते? या प्रश्नांना कोणताही नमुना-अर्ज लागत नाही. पण त्यांच्या उत्तरांतून कर्ज आणि कुटुंब या दोहोंची सुरक्षितता कळून येते.

दरवर्षी १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर झालेल्या स्फोटांत प्राणार्पण केलेल्या अग्निशामक जवानांचे स्मरण त्या दिवशी केले जाते. वर्षातून एकदा तारा, पिना, थर्मोस्टॅट आणि नळकांडे तपासण्यासाठी याहून उचित दिवस नाही. रोजच्यासाठी मात्र एवढा नेम पुरेसा आहे: दिवेलागणीनंतर काम संपले, की पिना काढाव्यात, दाराजवळचा स्विच बंद करावा, लाल दिवा विझल्याची खात्री करावी आणि अर्ध्या तासाने पुन्हा एकदा खोलीत डोकावून वास घ्यावा. ही शेवटची फेरी कोणाकडे आहे, हे घरात नावानिशी ठरलेले असावे. कारण जे काम सर्वांचे असते, ते बहुधा कोणाकडूनच होत नाही.